सहकारी बँका : प्रत्येक नियमामागे ठेवीदारांची एक रांग

विशेष प्रतिनिधी, पुणे

महामार्गाच्या कडेने आणि मुठा नदीच्या काठाने वाढत गेलेले वारजे हे पुण्याच्या मध्यमवर्गीय विस्ताराचे ठळक उदाहरण आहे. शेतजमिनींच्या जागी येथे गृहनिर्माण संस्था उभ्या राहिल्या. नोकरदार, निवृत्त शिक्षक, छोटे व्यावसायिक येथे स्थायिक झाले. त्यांच्या पाठोपाठ बँकांच्या शाखा आल्या, पतसंस्थांच्या पाट्या लागल्या. अशा उपनगरांत सहकारी बँकेचे स्थान वेगळे असते. शाखाधिकारी ओळखीचा असतो, संचालकांपैकी एखादा गणेशोत्सवात व्यासपीठावर दिसतो, मुदत ठेवीवर राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा अर्धा-पाऊण टक्का जास्त व्याज मिळते. निवृत्तीनंतर हाती आलेली रक्कम आणि सोसायटीचा सिंकिंग फंड या ओळखीच्या भरवशावर ठेवला जातो.

हा भरवसा गेल्या दोन दशकांत अनेकदा डळमळला. त्यातून जे नियम आले त्यांनी नागरी सहकारी बँकांचा कारभार मुळापासून बदलला आहे. संचालक मंडळाची रचना, लेखापरीक्षकाची नेमणूक, कर्जाची मर्यादा, संगणक प्रणालीची सुरक्षा यांपैकी एकही बाब आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. हे बदल आपोआप झाले नाहीत. बहुतेक मोठ्या नियमांमागे एखादी बुडालेली किंवा अडचणीत आलेली बँक आहे, आणि त्या बँकेच्या बंद दारासमोर उभी राहिलेली ठेवीदारांची रांग आहे.

दोन मालकांचे घर

महाराष्ट्रात सहकारी बँकेची नोंदणी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये होते. सहकार आयुक्तांचे मुख्यालय पुण्यातच आहे. निवडणुका, सभासदत्व, संचालक मंडळ हे विषय पारंपरिकरीत्या सहकार खात्याकडे होते. १ मार्च १९६६ पासून बँकिंग नियमन कायद्यातील काही तरतुदी सहकारी बँकांना लागू झाल्या आणि बँकिंगच्या व्यवहारावर रिझर्व्ह बँकेची देखरेख आली. तेव्हापासून ही बँक दोन मालकांच्या घरासारखी झाली. व्यवहारात चूक आढळली तरी संचालक मंडळ हटवण्यासाठी रिझर्व्ह बँकेला निबंधकाकडे शिफारस करावी लागे. कोणी केव्हा हात घालायचा, या प्रश्नात महिने जात.

अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक २००१ मध्ये शेअर दलालांना दिलेल्या कर्जांमुळे कोसळली आणि तिच्याकडे ठेवी ठेवलेल्या इतर अनेक सहकारी बँकांनाही तिने ओढले, तेव्हा या दुहेरी नियंत्रणाची किंमत प्रथम देशभर कळली. त्यानंतर २००३ मध्ये संचालक व त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देण्यावर बंदी आली. २००५ पासून रिझर्व्ह बँकेने राज्य सरकारांशी सामंजस्य करार करून संयुक्त कृती दले स्थापन केली. दुबळ्या बँकांचे विलीनीकरण वा समापन या दलांच्या सल्ल्याने होऊ लागले. २००४ मध्ये देशात १,९०० हून अधिक नागरी सहकारी बँका होत्या. मार्च २०२४ अखेर ही संख्या १,४७२ वर आली. त्यांतील सर्वाधिक बँका महाराष्ट्रात आहेत.

पुण्याचा अनुभव

या काळात पुणेकरांना धडे परगावच्या उदाहरणांतून शिकावे लागले नाहीत. १९१२ मध्ये स्थापन झालेल्या रुपी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध घातले. त्यानंतर साडेनऊ वर्षे ठेवीदार वाट पाहत राहिले. प्रशासक आले, विलीनीकरणाचे प्रस्ताव आले, मुदतवाढी मिळत गेल्या. अखेर ऑगस्ट २०२२ मध्ये परवाना रद्द करण्याचा आदेश निघाला. ज्यांनी साठीत ठेवलेली ठेव सत्तरीतही मोकळी झाली नाही, अशा ज्येष्ठ नागरिकांसाठी हा केवळ बँकिंगचा प्रश्न नव्हता. औषधोपचार, मुलीचे लग्न, घराची दुरुस्ती यांचे नियोजन त्या ठेवीवर होते.

शिवाजीराव भोसले सहकारी बँकेवर मे २०१९ मध्ये निर्बंध आले. लेखापरीक्षणात ७१ कोटी रुपयांहून अधिक रकमेचा अपहार झाल्याचा ठपका ठेवण्यात आला आणि गुन्हा नोंदला गेला. ३१ मे २०२१ रोजी बँकेचा परवाना रद्द झाला. पिंपरीच्या सेवा विकास सहकारी बँकेचा परवाना ऑक्टोबर २०२२ मध्ये रद्द झाला. या दोन्ही बँकांतील ९८ टक्क्यांहून कमी नसलेल्या ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळू शकेल, असे रिझर्व्ह बँकेने परवाना रद्द करताना नमूद केले होते. उरलेल्या दोन टक्क्यांत मात्र मोठ्या ठेवीदारांबरोबर संस्थाही असतात, आणि गृहनिर्माण सोसायट्यांची अडचण तेथेच सुरू होते.

२०२० चा कायदा

निर्णायक वळण मुंबईतून आले. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध लादले गेले. प्रारंभी प्रत्येक ठेवीदाराला सहा महिन्यांत केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती. एकाच बांधकाम समूहाला दिलेले सुमारे ६,५०० कोटी रुपयांचे कर्ज बँकेने दडवून ठेवले होते. हा आकडा एकूण कर्जांच्या सुमारे ७३ टक्के होता. त्यावर पांघरूण घालण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखवण्यात आली होती. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली.

या प्रकरणानंतर जून २०२० मध्ये केंद्राने वटहुकूम काढला आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्याचे कायद्यात रूपांतर झाले. व्यवस्थापन, भांडवल, लेखापरीक्षण आणि समापन या चारही बाबतींत रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. संचालक मंडळ बरखास्त करणे, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या नेमणुकीस मंजुरी देणे किंवा नाकारणे, निर्बंध न लादताही पुनर्रचनेची वा विलीनीकरणाची योजना आखणे हे सारे तिच्या कक्षेत आले. प्राथमिक कृषी पतसंस्थांना या कायद्यातून वगळण्यात आले.

त्याआधी, डिसेंबर २०१९ मध्ये, १०० कोटी रुपये व त्याहून अधिक ठेवी असलेल्या बँकांना निवडून आलेल्या संचालक मंडळाशिवाय तज्ज्ञांचे स्वतंत्र व्यवस्थापन मंडळ नेमण्याचे बंधन घालण्यात आले. लेखाशास्त्र, कायदा, माहिती तंत्रज्ञान, कृषी अर्थशास्त्र अशा विषयांचे जाणकार कर्जप्रस्ताव आणि वसुलीकडे पाहतील, अशी त्यामागची कल्पना आहे. मार्च २०२० मध्ये एका कर्जदाराला बँकेच्या मूळ भांडवलाच्या १५ टक्के आणि एका समूहाला २५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देण्याची मर्यादा आली. एका समूहाच्या हाती बँकेची चावी जाऊ नये, हा या मर्यादेचा सरळ अर्थ.

सहकारात या बदलांचे स्वागत एकमुखाने झाले नाही. ‘एक सभासद, एक मत’ या तत्त्वावर उभ्या असलेल्या संस्थेत निवडून न आलेल्या मंडळाला अधिकार देणे हा सभासदांच्या हक्कावर घाला आहे, अशी हरकत घेण्यात आली. ती गैरलागू नाही. मात्र संचालकांना निवडून देणारे सभासद हे मुख्यतः भागधारक व कर्जदार असतात. ज्यांच्या पैशावर बँक चालते त्या ठेवीदारांपैकी अनेकांना मतच नसते. त्यांच्या वतीने बोलण्याचे काम नियामकाने करावे, हा दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद आहे. संचालकपदाच्या सलग मुदतीचा वाद काहीसा निवळला. २०२० च्या कायद्याने लागू झालेली आठ वर्षांची मर्यादा बँकिंग कायदे (सुधारणा) अधिनियम, २०२५ अन्वये १ ऑगस्ट २०२५ पासून दहा वर्षे झाली.

लेखापरीक्षण : सही करणाऱ्याची नेमणूक कोणाची?

सहकारी बँकेचे हिशेब पूर्वी सहकार खात्याचे लेखापरीक्षक तपासत. पुढे निबंधकांच्या नामिकेवरील सनदी लेखापालांकडे हे काम आले. वर्षाअखेरीस ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ असा वर्ग मिळे आणि वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर ‘सतत अ वर्ग’ असे अभिमानाने छापले जाई. अडचण अशी, की ज्या संचालक मंडळाच्या कारभाराची तपासणी करायची त्याच मंडळाच्या शिफारशीवर लेखापरीक्षकाची निवड अवलंबून असे. वर्षानुवर्षे तोच लेखापरीक्षक असला की तपासणीची धार बोथट होते.

आता वैधानिक लेखापरीक्षकाच्या नेमणुकीस रिझर्व्ह बँकेची पूर्वमंजुरी लागते. एप्रिल २०२१ च्या निर्देशांनुसार एका लेखापरीक्षण संस्थेला सलग तीन वर्षेच काम करता येते, त्यानंतर सहा वर्षे त्या बँकेकडे फिरकता येत नाही. १५,००० कोटी रुपये वा अधिक मालमत्ता असलेल्या बँकेला किमान दोन संस्थांकडून संयुक्त लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. एका संस्थेने एका वर्षात किती बँका घ्यायच्या, यालाही मर्यादा आहे.

वर्षातून एकदा होणारी ही तपासणी म्हणजे अखेरची चाळणी. तिच्याआधी समवर्ती लेखापरीक्षण होते, ज्यात शाखेतील व्यवहार महिन्याच्या महिन्याला पाहिले जातात. त्याशिवाय बँकेचे स्वतःचे अंतर्गत लेखापरीक्षण असते. ५०० कोटी रुपये वा अधिक मालमत्तेच्या बँकांना मार्च २०२२ पर्यंत जोखमीवर आधारित अंतर्गत लेखापरीक्षण सुरू करण्यास सांगण्यात आले. सर्व शाखा सारख्याच तपासण्याऐवजी जेथे धोका अधिक तेथे अधिक वेळ द्यायचा, ही त्याची पद्धत. मोठ्या कर्जांची शाखा, वारंवार मुदतवाढ मिळालेले कर्ज, सोनेतारणाचे वाढते प्रमाण अशा जागा आधी पाहिल्या जातात.

थकीत कर्जाच्या नोंदीतही मोठा बदल झाला. हप्ता ९० दिवस थकला की कर्ज अनुत्पादक ठरते, हा नियम जुना आहे. पण ही नोंद माणूस करत असे. मार्चअखेरीस नवे कर्ज देऊन जुने फेडल्याचे दाखवले, की ताळेबंद स्वच्छ दिसे. ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने मोठ्या नागरी सहकारी बँकांना हे वर्गीकरण संगणक प्रणालीमार्फतच करण्याचा आदेश दिला. दिवसाचे काम संपताना प्रणाली प्रत्येक खाते तपासते आणि थकीत खात्यावर स्वतःच शिक्का मारते. शाखाधिकाऱ्याला भीड पडू शकते, प्रणालीला पडत नाही.

अर्थात कागदी व संगणकीय तपासणी पुरेशी नसते, हे मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेने दाखवून दिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत तिजोरीतील रोकड प्रत्यक्ष मोजली गेली तेव्हा १२२ कोटी रुपये कमी भरले. खात्यावर रक्कम होती, तिजोरीत नव्हती. बँकेवर तत्काळ निर्बंध आले, संचालक मंडळ बरखास्त झाले आणि ४ ऑगस्ट २०२५ रोजी ही बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. नोटा मोजण्याचे सर्वांत जुने काम टळले, तर बाकीच्या साऱ्या तपासण्या निरुपयोगी ठरतात.

संगणक आला, चोरीची वाटही आली

कोअर बँकिंगमुळे वारज्याच्या शाखेतील खातेदाराला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाखेतून पैसे काढता येऊ लागले. २०१० मध्ये आयएमपीएस, २०१६ मध्ये यूपीआय, डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास एनईएफटी आणि डिसेंबर २०२० पासून चोवीस तास आरटीजीएस सुरू झाले. भाजीच्या गाडीवर क्यूआर कोड दिसू लागल्यावर, ज्या बँकेचे खाते मोबाईलवर चालत नाही ती तरुण ग्राहकाच्या दृष्टीने अस्तित्वातच राहिली नाही. अनेक छोट्या बँकांना या देयक यंत्रणांचे थेट सदस्यत्व परवडत नाही. त्या एखाद्या मोठ्या बँकेच्या उपसदस्य म्हणून सेवा देतात. सोय होते, पण एक परावलंबित्वही येते.

या वाटेवरील सर्वांत मोठा आघात पुण्यातच झाला. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या, देशातील जुन्या व मोठ्या नागरी सहकारी बँकांपैकी एक असलेल्या कॉसमॉस बँकेवर ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी सायबर हल्ला झाला. एटीएम कार्डाने पैसे मागितले की ती मागणी एका स्विचमार्फत बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जाते आणि खात्यात शिल्लक असेल तरच मंजुरी मिळते. हल्लेखोरांनी मधेच बनावट स्विच उभारला. मागणी मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचलीच नाही, मंजुरी मात्र मिळत गेली. २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये, देशांतर्गत व्यवहारांतून अडीच कोटी रुपये काढले गेले. दोन दिवसांनी स्विफ्ट यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळवण्यात आले. एकूण फटका ९४ कोटी ४२ लाखांचा होता. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरवले.

या घटनेत कोणाही एका खातेदाराच्या खात्यातून पैसे गेले नव्हते, नुकसान बँकेचे होते. पण त्यानंतर ऑक्टोबर २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने सर्व नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट लागू केली. डिसेंबर २०१९ मध्ये तिला चार पातळ्या देण्यात आल्या. ज्या बँकेचे डिजिटल व्यवहार अधिक तिच्यावर बंधने अधिक. स्वतःचा एटीएम स्विच वा स्विफ्ट जोडणी असलेल्या बँकेला केवळ संगणक विभागावर विसंबून चालत नाही, प्रणालीचे स्वतंत्र लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. बनावट संकेतस्थळांना आळा घालण्यासाठी सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर स्थलांतर करण्याची मुदत देण्यात आली होती.

छोट्या बँकेचा ताण

एवढे सारे पाळायला माणसे लागतात, पैसा लागतो. अनुपालन अधिकारी, माहिती सुरक्षा अधिकारी, जोखीम व्यवस्थापन, दर तिमाहीची विवरणपत्रे हे सारे पंधरा शाखांच्या बँकेलाही चुकत नाही. विवरणपत्र उशिरा गेले, ग्राहकाची ओळखपत्रे अद्ययावत नसली, तर दंड होतो आणि त्याची जाहीर नोंद होते.

हा ताण ओळखून रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२२ पासून बँकांचे चार स्तर केले. १०० कोटींपर्यंत ठेवी असलेल्या बँका पहिल्या स्तरात, १,००० कोटींपर्यंत दुसऱ्या, १०,००० कोटींपर्यंत तिसऱ्या आणि त्यापुढील चौथ्या स्तरात. पहिल्या स्तराला भांडवल पर्याप्ततेचे प्रमाण ९ टक्के पुरते. बाकींना १२ टक्के गाठण्यासाठी ३१ मार्च २०२६ पर्यंतचे टप्पे ठरवून देण्यात आले. १ एप्रिल २०२५ पासून त्वरित सुधारणात्मक कारवाईची नवी चौकट दुसऱ्या स्तरापासून पुढे लागू झाली. भांडवल घटले, थकबाकी वाढली किंवा तोटा होऊ लागला, की बँक कोसळण्याची वाट न पाहता कर्जवाटप व विस्तारावर मर्यादा येतात.

दुसरा उपाय एकत्र येण्याचा आहे. नागरी सहकारी बँकांच्या शिखर संस्थेचे, म्हणजे राष्ट्रीय नागरी सहकारी वित्त व विकास महामंडळाचे उद्घाटन मार्च २०२४ मध्ये झाले. तंत्रज्ञान, सायबर सुरक्षा आणि प्रशिक्षण यांचा खर्च प्रत्येक बँकेने स्वतंत्रपणे करण्याऐवजी तो वाटून घ्यावा, हा तिचा उद्देश आहे. छोट्या बँकेला आपले वेगळेपण राखून जगायचे असेल, तर हा मार्ग विलीनीकरणापेक्षा बरा. तो किती बँकांच्या उपयोगी पडतो यावर उपनगरांतील सहकारी शाखांचे भवितव्य बऱ्याच अंशी अवलंबून राहील.

ठेवीदाराच्या हाती काय?

ठेव विम्याची मर्यादा मे १९९३ पासून एक लाख रुपये होती. फेब्रुवारी २०२० मध्ये ती पाच लाख झाली. सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने आणखी महत्त्वाचा बदल केला. बँकेवर पैसे काढण्याचे निर्बंध आले, की विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळावी अशी तरतूद झाली. त्यातील पहिले ४५ दिवस बँकेने याद्या देण्यासाठी, उरलेले ४५ पडताळणी व वाटपासाठी. रुपी बँकेच्या ठेवीदारांनाही परवाना रद्द होण्याआधी ७०० कोटींहून अधिक रक्कम याच तरतुदीमुळे मिळाली. तोपर्यंत त्यांची नऊ वर्षे गेली होती.

मात्र पाच लाखांचा हिशेब नीट समजून घेतला पाहिजे. मुद्दल आणि व्याज मिळून ही मर्यादा आहे. एकाच बँकेच्या वेगवेगळ्या शाखांतील एका व्यक्तीच्या ठेवी एकत्र धरल्या जातात. गृहनिर्माण संस्था हीदेखील एकच ठेवीदार असते. साठ सदनिकांच्या सोसायटीने पंचवीस लाखांचा दुरुस्ती निधी एका सहकारी बँकेत ठेवला असेल, तर विम्याचे संरक्षण साठ कुटुंबांना मिळून पाच लाखांचेच आहे. लिफ्ट बदलायची वा गळती थांबवायची वेळ येते तेव्हा हा फरक कळतो. पीएमसी बँकेच्या प्रकरणात मुंबईतील अनेक सोसायट्या याच कोंडीत सापडल्या होत्या.

पतसंस्थेला तर हे संरक्षण मुळीच नाही. तिच्यावर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण नाही आणि तिच्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचे छत्र नाही. काही सहकारी संस्था नावात ‘बँक’ शब्द वापरत असल्याबद्दल रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता.

ठेव ठेवण्यापूर्वी पाहावे असे काही

• बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना आणि ठेव विम्याची नोंदणी आहे का? परवाना शाखेत लावलेला असतो.

• वार्षिक अहवालातील निव्वळ अनुत्पादक कर्जांचे आणि भांडवल पर्याप्ततेचे प्रमाण किती? तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

• लेखापरीक्षकाचा अहवाल वाचावा. त्यातील शेरे अनेकदा अहवालाच्या शेवटच्या पानांवर असतात.

• बँकेवर अलीकडे दंड वा निर्बंध आले आहेत का? रिझर्व्ह बँक ही माहिती प्रसिद्ध करते.

• सोसायटीचा निधी राज्य सहकारी कायद्याच्या कलम ७० च्या चौकटीत आहे का आणि तो एकाच ठिकाणी अडकलेला नाही ना, हे वार्षिक सर्वसाधारण सभेत विचारावे.

• वारसाची नोंद करावी. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींसाठी चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते.

सहकारी बँकेच्या वार्षिक सभेला भागधारक हजर राहतात, अल्पोपाहार घेतात आणि ‘मंजूर, मंजूर’ म्हणून परततात, हे चित्र परिचयाचे आहे. कायदा बदलला, लेखापरीक्षक बदलले, प्रणाली बदलली. त्या सभेत हात वर करून प्रश्न विचारणारा सभासद मात्र कोणत्याही परिपत्रकाने निर्माण होत नाही. सहकाराची मूळ कल्पना त्याच्यावरच उभी होती.